काळ्या पडद्यामागचं काम

मित्रांनो, बसवकल्याणच्या गुंडेरावांच्या ओसरीत एक जुना संगणक दिसेल, तो मी. नवा होतो तेव्हा माझा केवढा थाट! गुंडेरावांच्या बायकोनं, राजूबाईंनी, मला हळदकुंकू लावून घरात घेतलं होतं.

त्यांच्या लेकीच्या, विजयश्रीच्या लग्नाचं चित्रण माझ्याच पोटात होतं. त्यात राजूबाई कॅमेरावाल्याला दटावतात, "कामून माझंच तोंड काढायलास रे? पोरीकडं बघ की!" त्या वारल्या आणि त्यांचा तेवढाच आवाज मागे राहिला. गुंडेराव रोज दिवेलागणीला तो ऐकत.

२०११च्या उन्हाळ्यात माझी डिस्क कटकट वाजू लागली. डिस्क मरायला टेकली की अशीच वाजते. नोकरीसाठी पुण्याला राहणारी विजयश्री सुट्टीत येऊन दुसरी डिस्क बसवून गेली आणि पुण्याहूनच नेटवरून तिनं जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायला, म्हणजे नक्कल करायला, सुरुवात केली. तिनं माझ्यात टर्मिनल मल्टिप्लेक्सर नावाचा प्रोग्रॅम घातला होता. एकाच पडद्याच्या दोन चौकटी, एकीत नक्कल, दुसरीत त्या नकलेवर पहारा. पुण्याचं नेट तुटलं तरी माझ्या पोटात काम चालूच राही. ती नेटवरून पुन्हा जोडली गेली की सगळं जिथल्या तिथं सापडे.

तिनं फोनवर सांगितलं, "अप्पा, पडदा काळा दिसला तरी आत काम चालू असतंय. मी सोडून गेले तरी तुटत न्हाई."

"व्हय बाई, हात लावत न्हाई."

पण माझी वीजच गेली तर सगळं तुटतं, हे सांगायचं ती विसरली. वीज गेल्यावर मला तगवणारी यूपीएसची बॅटरी तर कधीच फुगून भंगारात गेली होती.

एका दुपारी आभाळ दाटून आलं. ढग गरजला की विजेचा मेन स्विच पाडायचा, ही आमच्या घरची रीत. विजेनं शेजारच्या कल्लप्पांचा टीव्ही जळाल्यापासून ती कधी मोडली नव्हती. गुंडेराव लगबगीनं आले, मायेनं माझ्यावर रुमाल टाकला. "मशीन जळायला नको. काम काय, तुटत न्हाई म्हणलीय पोरगी," असं पुटपुटत त्यांनी मेन खाली ओढला. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं? जुनी डिस्क मंदावत मंदावत थांबली.

आभाळ कोरडंच निघून गेलं. मेन वर गेला, मी जागा झालो. ती डिस्क मात्र पुन्हा उठली नाही.

मित्रांनो, यंत्राला जपा, पण आत काय चाललंय ते विचारून जपा. आणि काम लावून दूर जाणाऱ्यांनो, घरी थांबणाऱ्याला अर्धवट सांगून जाऊ नका.

नव्या डिस्कवर नक्कल अर्धीच उतरली. गुंडेराव अजून दिवेलागणीला माझ्यापुढे बसतात. राजूबाई कॅमेऱ्याकडे वळतात, "कामून..." म्हणतात आणि पडदा काळा होतो. गुंडेराव उठत नाहीत. पडदा काळा दिसला तरी आत काम चालू असतं, असं लेकीनं त्यांना सांगितलंय.