इंजिनाला दिलेलं भस्म

राजूरच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांनीसुद्धा पाट्या तशाच टाकून गर्दी केली होती. इंधनबाबा म्हणवणाऱ्या एका साधूने चिमूटभर भस्म आपल्या मोटारीच्या टाकीत सोडलं, वर कॅनमधलं इथेनॉल ओतलं, झाकणाला पिवळा दोरा बांधला आणि चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"बगा! पेट्रोलचं व्यसन सुटलं! आता ही उसाचा परसाद पिनार! फकस्त सात दिवस झाकन उगडू नका, न्हाईतर मंत्र उडून जाईल!"

इंजिनाला दीक्षा देणारा गुरू मी पहिल्यांदाच पाहत होतो. वरच्या वाडीच्या गोरक्षनाथने भस्माची पुडी, दोरा आणि कॅन घेतला. वाडीत गाडी एकच, त्याची जुनी पेट्रोल व्हॅन. घरात बायको सविता, दिवस भरत आलेले.

"गोरख, फसू नकोस," मी म्हणालो.

"मिस्त्री, गाड्या बिघडल्या न्हाईत तर तुमचं गॅरेज कसं चालायचं?"

सगळे हसले. मला राग आला आणि मी गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

चौथ्या दिवशी उजाडताना, कडाक्याच्या थंडीत, सविताला कळा सुरू झाल्या. टाकीत बाबाचं भस्म नि इथेनॉल घातलेली, झाकणाला दोरा बांधलेली व्हॅन काही केल्या सुरू होईना. दोरा सोडायचा नाही, म्हणून गोरखने बॉनेटसमोर नारळ फोडला! खालून जीप येईपर्यंत दोन तास गेले. दवाखान्यात मेलेलं बाळ जन्मलं.

दीड महिन्याने बाबा पुन्हा बाजारात आला. मी सरळ त्याच्या गाडीखाली शिरलो. टाकीची नळी बोळा मारून बंद केलेली. इंजिनाची नळी मागच्या सीटखाली लपवलेल्या डब्याला जोडलेली. डब्यातलं थोडं बाटलीत घेतलं, पाणी घालून हलवलं. ते वर तरंगलं.

"इथेनॉल पाण्यात मिसळतं. हे पेट्रोल आहे," मी ओरडून सांगितलं. "गाडी इथेनॉलवर चालते, त्यात चमत्कार नाही. पण कार्बुरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक भोक, मोठा करावा लागतो, रबरी नळ्या बदलाव्या लागतात आणि थंडीत सुरू करायला थोडं पेट्रोल लागतं. यातलं भस्माने काय होतं?"

बाबा गर्दीतून पसार झाला. कुणी अडवलं नाही.

"जाऊ द्या, लेकराचं आयुष्यच तेवढं हुतं," सुनेबरोबर बाजाराला आलेली गोरखची आई मालनबाई पुटपुटली.

"न्हाई आत्याबाई," सविता म्हणाली. "जीप येईस्तवर ते पोटात लाथा मारत हुतं."

याला नशीब म्हणू नका. याला कारण होतं, आणि ते शोधता येत होतं.