तिसरा खून

रंगवाल्यांनी आयुष्यात एकच सिनेमा केला होता, आणि तोही दुसऱ्याच्या सिनेमाचा पुढचा भाग. पहिल्या भागात वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुखवटा घालून येणारा खुनी होता, डोंगरावरचं हॉटेल होतं आणि सुट्टीला आलेली कॉलेजची पोरं. तो चालला. निर्मात्याला पुढचा भाग घाईने हवा होता, मूळ दिग्दर्शकाने अंग काढून घेतलं आणि काम या तरुण सहायकाच्या गळ्यात पडलं. सिनेमा सपशेल आपटला. त्यानंतर त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. ते सासऱ्यांच्या रंगाच्या दुकानात बसू लागले, आणि घरात त्या सिनेमाचा विषय निघाला की पाणी प्यायला उठू लागले.

या वर्षअखेरीला एका जुन्या थिएटरने तोच सिनेमा दुपारच्या खेळाला लावला. लेक तिकिटं घेऊन आली.

“बाबा, लोक हसणार आहेत. हसायलाच येतात. आधीच सांगते.”

त्यांनी दुकानात माल उतरायचाय म्हणून सांगितलं. बायकोने त्यांचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

थिएटर गच्च भरलं होतं. निम्म्या लोकांनी कागदी मुखवटे घातले होते. रंगवाले शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले. पहिल्याच प्रसंगात पडद्याच्या वरच्या कडेतून माईक खाली डोकावला, तसं अख्खं थिएटर एका सुरात म्हणालं, “नमस्कार, माईकराव!” त्यांच्या कानशिलांत रक्त चढलं. तो शॉट घेताना उजेड संपत आला होता. माईक त्यांना दिसला होता, पण परत घ्यायला वेळच नव्हता. हे या माणसांना कोण सांगणार?

पुढे हॉटेलच्या अंगणात कापसाचा बर्फ पडला. लोक हसले. दुसऱ्या खुनाला सुरा मधोमध वाकला. शेजारच्या पोराला हसता हसता ठसका लागला. रंगवाले उठले.

बायकोने मनगट धरलं. “बसा. तिसरा यायचाय.”

ते बसले, पण नजर दारावरच ठेवून.

तिसरा खून हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. तोवर ताडमाड उंच असलेला खुनी आता एकदम बुटका होऊन आत आला, पँटच्या पायांना दुमड घातलेली. शिट्ट्या सुरू झाल्या. नायिकेची मैत्रीण पाठमोरी उभी होती. खुन्याने सुरा उगारला आणि तेवढ्यात शेगडीवरचं दूध वर आलं. “गॅस! गॅस!” लोक ओरडू लागले. खुन्याने सुरा डाव्या हातात घेतला, गॅस बंद केला, पातेल्यावर फुंकर मारली आणि मग खून केला. माणसं खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

दिवे लागले. थिएटरच्या संचालकाने माईकवरून सांगितलं की दिग्दर्शक इथेच बसलेत. रंगवाल्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. सगळी डोकी मागे वळली. ते उठून पुढे गेले.

एका मुलीने विचारलं, खुन्याने गॅस का बंद केला? त्यावर वाद आहेत म्हणे: कुणी म्हणतं तो आधी आचारी होता, कुणी म्हणतं त्याला आई आठवली.

काहीतरी भारदस्त ठोकून देता आलं असतं. रंगवाल्यांनी घसा खाकरला. खुन्याचं काम करणाऱ्याचा त्या दिवशी पाय मुरगळला होता, ते म्हणाले. जागा दुसऱ्या दिवशी सोडायची होती. सेटवर मोकळं माणूस एकच होतं, ते डबा घेऊन आलेलं. त्यालाच मुखवटा घातला.

“मग तुम्ही कट का नाही म्हणालात?”

इतक्या वर्षांत त्यांना निर्मात्याचा आरडाओरडा आठवायचा, रिकाम्या खुर्च्या आठवायच्या. ही गोष्ट मात्र त्यांनी आठवलीच नव्हती.

“म्हणायचं होतं,” ते म्हणाले, “पण हसू आवरत नव्हतं. तोंडात रुमाल कोंबला होता मी. कॅमेरावाला तर जमिनीवरच बसला.”

“कोण होतं ते माणूस?” कुणीतरी विचारलं.

शेवटच्या रांगेत त्यांची बायको उठून उभी राहिली. “घरचं दूध होतं. उतू जाऊ द्यायचं का?”

त्यानंतर जो गोंधळ उडाला त्यात संचालकाचं आभारप्रदर्शन कुणालाच ऐकू गेलं नाही. बाहेर तिच्यासोबत फोटो काढायला रांग लागली. दर फोटोला ती मुखवटा चढवायची आणि सुरा म्हणून कुणाची तरी छत्री उगारायची. रंगवाले तिची पर्स काखेत धरून भिंतीला टेकले होते, आणि भोवती जमलेल्या पोरांना सांगत होते, की कापूस संपला तेव्हा हॉटेलच्या उशा कशा फाडल्या.