ऑर्वल टॅकेटला पिस्तूल पसंत पडत नाही

स्वतंत्र माणूस आपल्या घराचं रक्षण स्वतः करतो, आणि ज्या दिवशी त्याला ते जमत नाही त्या दिवशी त्याचं स्वातंत्र्य संपतं. आमच्या काउंटीत हे वाक्य कुणी भिंतीवर लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. माझे सासरे ऑर्वल टॅकेट यांच्यापुरतं सांगायचं तर हे स्वातंत्र्य त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्यात येऊन राहिलं होतं, आणि अंगठा सुजलेला होता.

ही गोष्ट बाहेर आली ती लोणच्यामुळे. माझी बायको रेनिटा ऑगस्टात वडिलांचं स्वयंपाकघर आवरायला गेली, तेव्हा कपाटात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या निघाल्या. सगळ्या भरलेल्या, एकीचंही झाकण फिरवलेलं नाही. ऑर्वल लोणच्याशिवाय सँडविच खात नाहीत. रेनिटाने नुसतं कपाट लावलं. काउंटीच्या कर कचेरीत तिचं अर्धं आयुष्य गेलंय. समोरचा माणूस काय सांगायचं टाळतोय, हे तिला चटकन कळतं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या शेतावरून कुणीतरी भरदिवसा जनरेटर उचलून नेला. रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही जेवायला बसलो, आणि रेनिटाने बटाट्याचं भांडं पुढे सरकवताना विचारलं,

"डॅड, उद्या तुझ्या घरात कुणी शिरलं तर काय करशील?"

"कॉफी विचारीन. मग बघू."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय? कॉफी आहे घरात."

"तुझी ती लांब बंदूक दाराआड उभी आहे, ती तुला आता उचलवत नाही. कोळ्याने जाळं केलंय तिच्यावर."

"म्हणजे पहाऱ्याला कुणीतरी आहे."

दुसरीकडे कुठे असं झालं असतं, तर म्हाताऱ्याला डॉक्टरकडे नेलं असतं. हात तपासले असते, औषध दिलं असतं. आमच्याकडे करार झाला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत ऑर्वलनी पूर्ण मापाचं चांगलं पिस्तूल घ्यायचं, नेमबाजीच्या रेंजवर जायचं, आणि रेनिटाच्या देखत स्वतः गोळ्या भरायच्या, स्वतः स्लाइड ओढायची, स्वतः कागदावर नेम धरायचा. जमलं तर खुशाल एकटं राहायचं. नाही जमलं तर मेपल कोर्ट.

मेपल कोर्ट ही गावाबाहेरची एकमजली इमारत. तिथे म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून बिंगो खेळायला नेतात. ऑर्वल तिथे एका मित्राला भेटून आले होते. "दारं आपोआप उघडतात," ते मला नंतर म्हणाले. "दारसुद्धा उघडायचं नसेल, तर माणसाने दिवसभर करायचं काय?"

बापलेकीने टेबलावरून हात मिळवले. ऑर्वलनी उजवा दिला. पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मी कम्युनिटी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात माझं मत कुणी विचारत नाही. गाडी चालवायला मात्र बोलावतात.

पूर्ण मापाचंच का, यावर ऑर्वलनी मला वाटेत व्याख्यान दिलं. छोटं पिस्तूल खिशात लपवायला असतं, आणि आपल्याच घरात कुणापासून काय लपवायचं? मोठं पिस्तूल जड, म्हणून गोळी सुटल्यावर हाताला झटका कमी. नळी लांब, म्हणून नेम बरा. रेंजवर तासभर उडवा, मनगट कुरकुरत नाही. मी रात्री बसून हे सगळं वाचून पाहिलं. सगळं खरं होतं, म्हणजे पिस्तूल न घ्यायला अंगठ्याखेरीज कारण उरलं नव्हतं, आणि त्यामुळेच मला जास्त काळजी वाटू लागली.

लॉनीच्या दुकानात एका बाजूला मासे पकडायची गांडुळं मिळतात आणि दुसऱ्या बाजूला बंदुका. मध्ये कॉफीचं भांडं. या दुकानांचा एक रिवाज आहे. विक्रेता कपाटातून पिस्तूल काढतो, आतलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, बाहेर घेतो, वरचा सरकता भाग मागे ओढून अडकवतो, आत गोळी नाही हे बघतो, आणि पिस्तूल तसंच उघडं तुमच्या हातात देतो. त्या सरकत्या भागाला स्लाइड म्हणतात. तुम्हीही आत डोकावता, मग कळ दाबून स्लाइड पुढे सोडता, भिंतीवरच्या हरणाच्या डोक्यावर नेम धरता, चाप ओढून बघता. झालं की स्लाइड पुन्हा मागे ओढायची आणि पिस्तूल उघडंच परत करायचं. बंद पिस्तूल परत देणं म्हणजे चर्चमध्ये टोपी घालून बसणं. कुणी बोलत नाही, पण सगळे बघतात.

ऑर्वलनी पहिलं पिस्तूल घेतलं, हरणावर नेम धरला, चाप ओढला आणि ते बंदच काउंटरवर ठेवलं.

"प्लास्टिक आहे," ते म्हणाले.

"आता पोलिसांकडेही हेच असतं, मिस्टर टॅकेट."

"पोलिसांना सरकार देतं, लॉनी. मला स्वतः बघायचंय."

दुसरं पोलादी होतं, सैन्यातल्या जुन्या घाटाचं. ते बंदच परत आलं. मूठ रुंद म्हणे. तिसऱ्याचा चाप ओल्या पोत्यातून दोरी ओढल्यासारखा लागला. चौथ्याची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा ठिपका, हिरवी होती. ऑर्वलना हिरवी माशी चालत नाही, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. लॉनी दर वेळी न बोलता पिस्तूल उचलायचा, स्वतः उघडायचा, कपाटात ठेवायचा. दुकानातली दोन गिऱ्हाइकं कॉफी ढवळत राहिली. त्यांच्या कपात साखर नव्हती.

नंतर आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो, मग नदीपलीकडच्या तिसऱ्या. ऑर्वल गाडीत एका जागी बसत नसत. पट्टा काढायचे, लावायचे, खिडकी खाली घ्यायचे, वर करायचे, उजव्या हाताने डावा अंगठा चोळायचे आणि मी बघितलं की थांबवायचे. दुकानात शिरताना मात्र चेहरा असा, की या माणसाला पिस्तूल बनवणाऱ्यांनीच बोलावून घेतलंय. बाहेर पडले की जगात कुणालाच धड पिस्तूल बनवता येत नाही यावर चर्चा. इतकी पिस्तुलं नाकारणारा माणूस काउंटीत दुसरा झाला नसेल. हळूहळू त्यांचं नाव झालं. एक गिऱ्हाईक आदराने विचारायला आलं की कुठलं घेऊ. ऑर्वलनी त्याला बराच वेळ सल्ला दिला, आणि त्यांनी सांगितलेलंच पिस्तूल त्याने घेतलं.

घरी रोज एकच संवाद.

"घेतलं?" रेनिटा विचारायची.

"नाही. चाप आवडला नाही."

"कुणाला?"

"त्यांना."

"आणि तुला?"

"मी पंच आहे."

ती भांडी पुसत राहायची, पुसलेलीच पुन्हा. मला वाटायचं, त्यांना स्लाइड ओढवत नाही हे सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं की मेपल कोर्ट. झोप लागेना, म्हणून मी गराजमध्ये जाऊन अवजारं लावत बसलो. सकाळी एकही सापडेना.

एकदा परत येताना मी धीर केला. "ऑर्वल, रिव्हॉल्व्हर घेतलं तर? त्याला स्लाइडच नसते."

ते खिडकीतून मक्याच्या कापलेल्या शेतांकडे बघत राहिले. "लॉनी रिव्हॉल्व्हर कुणाला विकतो, माहीत आहे? विधवांना. मी ते काउंटरवर ठेवलं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या काउंटीला कळेल टॅकेटचे हात गेले. मग रेनिटाला कुणी वेगळं सांगायला नको."

"पण तिला कळलंय."

"कळलंय, पण बोलली नाही ना?" ते म्हणाले. "तोवर घर माझं आहे, प्रोफेसर. गाडी जरा हळू घे."

मी हळूच चालवत होतो.

नोव्हेंबर लागला तसा रेनिटाचा धीर सुटला. शनिवारी सकाळी ती आधीच गाडीत येऊन बसली, मांडीवर पर्स, तोंड मिटलेलं. "आज मी निवडते," म्हणाली. "डॅड, तू हो म्हणायचंस."

लॉनीच्या दुकानात त्या दिवशी गर्दी होती, हरणाच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला. रेनिटाने कपाटात बोट दाखवलं. लॉनीने पिस्तूल उघडून दिलं. तिने वडिलांसारखंच आत डोकावलं, कळ दाबली, स्लाइड खट्कन पुढे गेली. हरणावर नेम धरला. मग परत करायला म्हणून तिने स्लाइडला हात घातला, आणि स्लाइड हलेना.

तिने बोटं बदलून पाहिली. पिस्तूल पोटाशी घेतलं. खांदे वर गेले. कचेरीत दिवसभर टाइप करणारी तिची मनगटं गेली दोन वर्षं रात्री दुखतात, हे फक्त मला ठाऊक होतं, आणि ती मलाही ते टाइपरायटरच्या काळातलं दुखणं आहे म्हणून सांगायची. लॉनी कॉफीच्या भांड्याकडे बघायला लागला. रेनिटाने पिस्तूल काउंटरवर ठेवलं. बंद.

"जाम झालंय हे," ती म्हणाली. "तेल नाही यात."

सगळ्यांनी बघितलं. ऑर्वल पुढे झाले, पिस्तुलाकडे वाकून पाहिलं, आणि फार गंभीरपणे म्हणाले, "मूठ रुंद आहे, बाळा. तुझ्या हाताला बसत नाहीये."

"हो," रेनिटा म्हणाली. "मूठच."

"आणि माशी हिरवी आहे."

"मला हिरवी आवडत नाही."

"आपल्या घरात कुणालाच नाही."

लॉनीने खालच्या कपाटातून एक खोका काढला. "हे पूर्ण मापाचंच आहे," तो म्हणाला, "स्प्रिंग जरा हलकी. रेंजवर खूप वेळ घालवणारे लोक नेतात." हे खोटं होतं. खोक्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं हसत होतं. लॉनीने ती बाजू आपल्याकडे वळवली.

ऑर्वलनी पिस्तूल घेतलं. स्लाइड पुढे सोडली. नेम धरायचं विसरलेच. डाव्या हाताची चारही बोटं वरून टाकली, अंगठा बाजूला ठेवला, आणि ओढलं. स्लाइड मागे आली. त्यांनी ती सोडली, पुन्हा ओढली. पुन्हा. शेवटी लॉनीला म्हणावं लागलं, "मिस्टर टॅकेट, द्या आता इकडे." त्यांनी ते दिलं. उघडं.

रेंज त्याच रस्त्यावर पुढे आहे; पैसे देऊन आम्ही पिस्तूल घेऊन थेट तिथेच गेलो. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवलेले असल्यामुळे तिथे सगळे ओरडून बोलतात, त्यात आम्ही तिघंही. ऑर्वलनी टेबलावर गोळ्यांचा डबा उघडला आणि मॅगझिन भरायला घेतलं. इथे अंगठा लागतो. प्रत्येक गोळी मागच्या गोळीला खाली दाबत आत बसवायची असते, आणि डबी भरत जाते तशी स्प्रिंग कडक होते. हे मला वाचूनही सुचलं नव्हतं. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला त्यांनी ओठ चावला. चौथी त्यांनी टेबलाच्या कडेवर टेकवून घातली. पाचवी घरंगळत जमिनीवर गेली.

त्यांनी ती उचलली नाही. मॅगझिन हातात धरून ते समोरच्या कागदी माणसाकडे बघत राहिले. करारात "स्वतः भरायचं" होतं. शेजारच्या गाळ्यात कुणीतरी उडवत होतं, आणि प्रत्येक आवाजाला माझा खांदा उडत होता.

रेनिटाने वाकून पाचवी उचलली. मॅगझिन त्यांच्या हातातून घेतलं आणि गोळी वर ठेवून दाबली. तिच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं. गोळी बसली नाही. तिने पाठ वळवून पुन्हा दाबलं, हात झटकला, पुन्हा दाबलं. मग ती वळली, चार गोळ्यांचं मॅगझिन वडिलांना परत दिलं आणि कानाशी ओरडली,

"चार पुरेत. किती चोर येणार आहेत, डॅड?"

"पहिला कॉफी घेतोय की नाही, त्यावर आहे," ऑर्वल ओरडले.

त्यांनी स्लाइड ओढली आणि चार उडवल्या. एक कागदी माणसाच्या खांद्याला लागली, दोन पोटाला, एक शेजारच्या कागदी माणसाला. शेजारच्याने तक्रार केली नाही. रेनिटा माझ्याकडे वळली. पंचाने मान हलवली. मेपल कोर्टचा विषय त्यानंतर आमच्या टेबलावर निघाला नाही. थँक्सगिव्हिंगला ऑर्वल स्वतः गाडी चालवत आले आणि स्वतः चालवत परत गेले.

मात्र त्या शनिवारी रेंजवरून निघण्याआधी रेनिटा म्हणाली, मीही एक उडवून बघते. तिने चार उडवल्या, मग आणखी चार. मनगट दुखलं नाही म्हणे. पुढच्या शनिवारी ती एकटीच गेली, आणि त्याच्या पुढच्याही. गोळ्या भरायला एक प्लास्टिकचं साधन मिळतं, ते तिने आणलं. पिस्तूल साफ करायला म्हणून वडिलांकडून आणलं, ते आमच्याच कपाटात राहिलं. तिचा नेम आता उत्तम आहे. लॉनी तिला नावाने हाक मारतो.

ऑर्वल अजून आपल्या घरी एकटेच राहतात. त्यांच्या मागच्या दाराला कुलूप नाही. ते कधीच बसवलेलं नव्हतं.