बर्फगाडीवरचा चिखल

“पुलावर विचारतील तेवढंच सांगायचं, आल्फेदा, आणि सांगशील ते खरं सांगायचं.”

आईचा हा आवाज पूल ओलांडताना मला आजही ऐकू येतो. ती हे सांगायची तेव्हा तिच्या अंगावर पलीकडच्या दुकानातले नवे परकर एकावर एक चढवलेले असायचे. परकर किती घातलेत असं तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिने सांगितलं नाही. खोटं मात्र ती जन्मात बोलली नाही.

आमच्या गावात नदीच्या अलीकडे कॅनडा आणि पलीकडे अमेरिका. दोन्हीकडे आमचेच चुलते, मामा आणि मावश्या. पलीकडे सगळं स्वस्त मिळतं अशी अलीकडे श्रद्धा आहे, आणि पलीकडच्यांची अलीकडबद्दल तशीच. नवे बूट घ्यायचे, कर चुकवायला दुकानाच्या मागच्या अंगणात चिखलात तुडवायचे आणि जुने म्हणून पायात घालून पूल ओलांडायचा, ही आमच्याकडची रीत. माझे सासरे तर म्हणत, चिखल न लागलेला बूट पुलावरून आणणारा माणूस आपल्या घराण्यातला नव्हे.

माझा नवरा आदलार त्याच घराण्यातला.

आमची जुनी बर्फगाडी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या तोंडावर बंद पडली. तिच्या इंजिनातून आधी धूर आला, मग खोकला आला, मग काहीच आलं नाही. एरवी मला काही वाटलं नसतं. पण तळ्याच्या पलीकडच्या काठावर संत आनचं छोटं देऊळ आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत रोज संध्याकाळी तिथल्या खिडकीत दिवा लावायचा, असं मी आईला तिच्या शेवटच्या आजारात कबूल केलं होतं. तळ्यावर बर्फ फोडून मासे धरणारी माणसं अंधारात त्या दिव्यावरून किनारा ओळखतात. इतक्या वर्षांत एकही संध्याकाळ चुकली नव्हती. यंदा गोठ्याच्या पायरीवरून मी घसरले. गुडघा सुजला, आणि डॉक्टरांनी बर्फावर चालायला साफ मनाई केली. शेजारचा लेओनिद आठवडाभर मला आपल्या गाडीवर बसवून नेत होता, पण त्याला आता लाकडाच्या कामावर जंगलात जायचं होतं.

“नवी घेऊ,” आदलार म्हणाला.

नवी घेऊ हे शब्द त्याच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

“पलीकडून,” तो म्हणाला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आजारी नव्हता.

“पण आदलार, त्या गाड्या इकडेच बनतात ना?”

“बनतात इकडे, जातात तिकडे आणि स्वस्त होऊन परत येतात. आपल्या मुलींसारख्या नाहीत, मुली तिकडे जाऊन महाग होतात.”

“आणि कर?”

“नव्या गाडीला कर. जुनीला कोण विचारतंय?” असं म्हणून तो बादली घेऊन बटाट्याच्या तळघरात उतरला. बाहेर सगळं गोठलेलं, कुदळ मारली तरी ठिणगी उडेल अशी जमीन. मऊ माती काय ती तळघरातच.

दुसऱ्या दिवशी निघताना तो फार खुशीत होता. उपासाच्या काळात मी उठल्यापासून देवळाच्या दुपारी बाराच्या घंटेपर्यंत मौन पाळते. वर्षातले हे सगळ्यात चांगले दिवस, असं तो चारचौघांत म्हणतो. त्याचा बेत सोपा होता: सकाळी गाडी घ्यायची, मळवायची आणि माझं तोंड उघडायच्या आत पूल ओलांडायचा.

“तुला खोटं बोलावं लागणार नाही,” ट्रकमध्ये तो मला समजावत होता. “तू गप्प, मी बोलणार. पाप लागलं तर मला लागेल. आणि ऐक, आज संध्याकाळी दिवा लागणार. शब्द देतो. गाडीवरून, नाहीतर पायी, मी लावीन. झालं?”

मी मान हलवली. आदलार देवळात रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला येतो तो दारापाशी उभा राहायला, आणि संत आनशी त्याचं कधीच फारसं जमलेलं नाही. दुसऱ्याच्या खोट्यासमोर गप्प बसणं हेही खोटंच का, हे फादरना विचारायला हवं, असा विचार करत मी जपमाळ ओढत राहिले.

पलीकडे घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे चालतं. मागे एकदा हे विसरून आम्ही बंद दुकानासमोर तासभर कुडकुडत बसलो होतो. म्हणून या खेपेस आदलारने निघतानाच ट्रकचं घड्याळ पलीकडच्या वेळेवर लावलं. “एकदा फसलो, आता नाही,” तो म्हणाला.

दुकानातला तरुण विक्रेता मला गाडीबद्दल काही काही विचारायचा. मी हसून मान डोलवायची. मग तो मोठ्याने बोलू लागला, मग आणखी मोठ्याने.

“बहिरी नाही ती,” आदलार म्हणाला. “देवाशी बोलतेय. दुसरी लाइन बंद आहे.”

गाडी लाल होती, काचेसारखी चकचकीत. दोन हातांनी धरायचा दांडा, मऊ बैठक, मागे सामान ठेवायला जागा. मी मनात त्या जागेवर तेलाचा डबा ठेवून पाहिला, अगदी नीट बसला. पैसे देताना आदलारचा चेहरा दात उपटून घेताना होतो तसा झाला होता. ते अमेरिकन डॉलर मोजून झाले तेव्हा आमचे किती झाले, हे मी विचारणार नव्हतेच. त्यालाही विचारणारं कुणी नको होतं.

तिथून त्याच्या चुलतभावाकडे, रोझेरकडे गेलो. रोझेरच्या गॅरेजात शेगडी पेटलेली होती. आदलारने बादलीत ऊन पाणी ओतलं, माती कालवली, आणि कुट्टूच्या धिरड्याचं पीठ पसरावं तशी ती गाडीवर पसरायला घेतली.

“बाजूंनी अजून घाल,” रोझेर म्हणाला. “आणि बैठकीवर ही घोंगडी टाक. माझ्या कुत्र्याची आहे.”

“वास येतोय.”

“जुन्या गाडीला येतोच.”

अर्ध्या तासात त्या बिचाऱ्या नव्या नवरीची म्हातारी झाली. दोघे भाऊ मागे सरकून, डोळे बारीक करून बघत होते. “बाबा असते तर रडले असते,” आदलार म्हणाला. कौतुकानेच म्हणाला.

आम्ही निघालो. ट्रकच्या घड्याळात अकराला थोडी मिनिटं कमी होती. म्हणजे आमच्याकडे बारा वाजत आले होते. मी आदलारच्या हाताला स्पर्श केला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

“हो, हो. अकरासुद्धा नाही वाजले. भरपूर वेळ आहे.”

मी पुन्हा बोट दाखवलं, मग नदीपलीकडच्या आमच्या देवळाच्या मनोऱ्याकडे.

“भूक लागली? घरी गेल्यावर खाऊ गं.”

मी हात जोडून मांडीवर ठेवले. माझ्याकडून होईल तेवढं मी केलं होतं.

पुलाच्या आमच्या टोकाला जकातीच्या नाक्यावर सोलांज थेरियो उभी होती. देवळातल्या पहिल्या प्रसादाच्या, कम्युनियनच्या आधी ही पोर माझ्या स्वयंपाकघरात बसून धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करायची. तिने ओळखीच्यांच्या गाड्या तपासायच्या नाहीत असं ठरवलं तर तिला नोकरीच सोडावी लागेल, इतकं आमचं खोरं लहान.

“काय काका, काय आणलंत?”

“हिच्यासाठी लोकर. थोडं चीज.”

“आणि मागे?”

“ती? ती जुनी. रोझेरकडे पडून होती. मासे धरायला जायचो आम्ही.”

सोलांज मागे गेली. गाडीभोवती एक फेरी मारली. मग हातमोजा काढून नखाने काहीतरी खरवडलं आणि परत खिडकीशी आली.

“काका, हा चिखल आहे.”

“असणारच. वापरली की मळते गाडी.”

“बर्फगाडी? मार्चमध्ये? इथून समुद्रापर्यंत बर्फाशिवाय दुसरं काही नाही, काका. नांगराला जुंपली होतीत का?”

आमच्या मागच्या ट्रकमधून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. आदलारचे कान लाल झाले. बुटांना लावायचा चिखल बर्फगाडीला लावताना त्याला, रोझेरला किंवा त्या घराण्यातल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं. खरं सांगते, मलाही नाही.

“काकू, तुम्ही सांगा. काय प्रकार आहे?”

“ती नाही सांगणार,” आदलार घाईने म्हणाला. “उपासाचं मौन आहे तिचं, बारापर्यंत. आत्ता कुठे अकरा—”

घंटा वाजू लागली.

आदलारने घड्याळाकडे पाहिलं, मनोऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तसा चेहरा मी त्याचा फक्त आमच्या लग्नात वेदीसमोर पाहिला होता.

मी आधी बाराच्या घंटेची प्रार्थना म्हटली. देवदूताने मारियेला निरोप सांगितला, इथून सुरुवात केली आणि काही गाळलं नाही. सोलांजने टोपी काढली आणि मी शिकवलेली उत्तरं एक न चुकता म्हटली. मागे रांग वाढत होती, पण घंटा चालू असताना आमच्याकडे कुणी भोंगा वाजवत नाही. आदलारसुद्धा मान खाली घालून बसला होता. इतक्या मनापासून तो कधी बसला नसेल.

“आमेन,” सोलांज म्हणाली. “आता काकू, गाडी नवी की जुनी?”

“नवी. आज सकाळी घेतली.”

“आणि माती कुठली?”

“आमच्या तळघरातली. बटाट्याच्या.”

तिचा चेहरा उतरला. “अहो काका! नवी आहे म्हणाला असतात तर कर भरून चहा थंड व्हायच्या आत घरी गेला असतात. पण बटाट्याची माती सीमेवरून आत घेता येत नाही. रोग येतात तिच्यातून.”

“पण ती आमचीच माती आहे! सकाळी याच पुलावरून गेली!”

“गेली ना? मग आता परदेशी.”

“एका सकाळीत?”

“पूल ओलांडला की लगेच, काका. मी काय करू? तुमचा भाऊ पलीकडेच आहे ना? गाडी परत न्या, वाफेने धुऊन घ्या, तपासणीचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल. दंड मात्र आजच भरावा लागेल.” मग आवाज उतरवून म्हणाली, “आणि ती घोंगडी तिकडेच ठेवा.”

गाडी रोझेरकडे सोडून आम्ही रिकाम्या ट्रकने परत आलो. कर, दंड, वाफ. आदलारचे ओठ हलत होते, आणि ती प्रार्थना नव्हती. तळ्याचं वळण आल्यावर तो बोलला.

“तू घड्याळ दाखवत होतीस.”

“हो.”

“मला वाटलं भूक लागली.”

“भूकही लागली होती.”

त्याने ट्रकचं घड्याळ एक तास पुढे केलं. मग म्हणाला, “सोलांजने विचारलंच. मग तू तरी काय करणार?” एवढं म्हणणं त्याला किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक आहे.

घरी मी धिरडी केली, ती त्याने खाल्ली. बाहेर सूर्य झाडांच्या मागे गेला आणि तळं निळं पडू लागलं. लेओनिद जंगलात गेला होता. मी गुडघ्यावर पट्टी घट्ट बांधली, तेलाचा डबा भरला आणि बर्फात पाय रुतू न देणारे जाळीचे बर्फजोडे घ्यायला दारामागे गेले.

खुंटी रिकामी होती.

आदलार ओसरीच्या पायरीवर बसून माझ्या बर्फजोड्यांचे पट्टे आपल्या मोठ्या बुटांवर ओढत होता. एक पट्टा पुरत नव्हता, त्याला तो दोरीचा तुकडा जोडत होता.

“डबा दे,” तो वर न बघता म्हणाला.

“बर्फ मऊ असेल. वाऱ्याच्या बाजूने नको जाऊ.”

“मला तळं शिकवू नको.” मग दोरीची गाठ आवळत, “तिथे काही म्हणावं लागतं का?”

“नाही. वात जरा वर ओढ, आणि काडी वाऱ्याकडे पाठ करून लाव.”

“संत आनला काय सांगू? विचारलं तर?”

“विचारेल तेवढंच,” मी म्हटलं.

त्याने डबा कोटाच्या आत छातीशी धरला, कानटोपी खाली ओढली आणि माझ्याकडे न पाहता तळ्यावर उतरला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. जाळीच्या जोड्यांनी तो बदकासारखा फेंगडा चालत होता. पांढऱ्यावर एक काळा ठिपका, पलीकडच्या काठाच्या दिशेने.