सकाळची गोळी, रात्रीची गोळी

आमच्या शेजारच्या सलोमतला दोन सुना. बाजारातून रुमाल येवो की टरबूज, ती दोघींत सारखं वाटायची. तिच्या सासूने तिला जन्मभर कमीच दिलं होतं, ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. मार्गिलान शहरातल्या आमच्या गल्लीत तिच्या या न्यायाचं कौतुक व्हायचं.

धाकटी झुल्हुमोर तिसऱ्यांदा गरोदर राहिली. आधीचे दोन्ही गर्भ सुरुवातीलाच गेले होते. या वेळी रक्ताचा डाग दिसला तशी ती घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी गर्भ टिकायला मदत करणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "एक सकाळी, एक रात्री. चुकवू नकोस."

गोळ्या सलोमतने पेटीत कुलूप लावून ठेवल्या. थोरली हाफिझा बरीच वर्षं मुलाची वाट बघत होती. ती सासूजवळ जाऊन बसली.

"आई, जी गोळी मूल टिकवते ती मूल आणणार नाही होय?"

सलोमतला ते पटलं. "सकाळची धाकटीला, रात्रीची तुला."

"आई, दोन्ही मलाच सांगितल्यात," झुल्हुमोर म्हणाली.

"तुला निदान दिवस राहतात तरी! हिच्याकडे बघ. एवढी आपमतलबी होऊ नकोस, पोरी."

झुल्हुमोरने रशियात बांधकामावर असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आईशी वाद घालू नकोस गं. तिनं चार लेकरं वाढवलीत."

महिन्याअखेर हाफिझाची पाळी चुकली. सलोमतने तंदूरमध्ये खिम्याचे समसे भाजले, मलाही बोलावलं.

"आधी तपासून तरी घ्या," मी म्हटलं.

"तुझी दृष्ट नको लावूस, शेजारणी! खा मुकाट्यानं."

हाफिझाला जड उचलायची बंदी झाली. तिचे डोहाळे सुरू झाले, वाळवलेल्या दह्याचे आंबट खडे, कुरूत, चघळत ती गादीवर पडून राहायची. अंगण झाडणं, पाणी भरणं, सगळं झुल्हुमोरवर आलं. एका सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली ती उठलीच नाही. आम्ही तिला इस्पितळात नेलं. गर्भ गेला होता.

मग गोळ्या बंद झाल्या आणि हाफिझाची पाळी आली. या गोळ्यांनी पाळी लांबते, पोटात काही नसलं तरी, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तेव्हा सांगितलं. हाफिझा भिंतीकडे तोंड करून रडली. तिची समजूत घालायला कुणी गेलं नाही.

झुल्हुमोरला घरी आणायला मी सलोमतबरोबर गेले होते. झुल्हुमोरने डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, "दोन्ही वेळा घेतली असती तर राहिलं असतं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कदाचित. पण पूर्ण औषध घेऊनही कधीकधी राहत नाही. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही."

सलोमतने मोठा श्वास सोडला. "ऐकलंस? राहायचं नव्हतंच ते. उगाच मनात धरू नकोस. चल, गाडी उभी आहे."

झुल्हुमोरने डोक्याला रुमाल बांधला. रस्त्यावर आल्यावर ती आमच्या गाडीत न बसता पलीकडे गेली आणि माहेरच्या गावाच्या मिनीबसमध्ये चढली.

"अगं, नवऱ्याला विचारलंस का?" सलोमत ओरडली.

मिनीबस निघून गेली. सलोमत परतीच्या वाटेवर मला सांगत राहिली, "अशक्तपणा आहे, चिडचिड होते. चार दिवसांनी येईल." ती बाई अजून गल्लीत सगळ्यांना हेच सांगते.