दोन दिवसांत पाव इंच

"हातांचा आधार न घेता उठा, आजी," व्यायाम शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं.

आजींनी हात छातीशी धरले, पुढे वाकल्या, दात आवळले. खुर्ची स्वयंपाकघरातली, साधी, अठरा इंच उंचीची. तिच्यातून त्या तसूभरही वर आल्या नाहीत.

"माझी खुर्ची आणा हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिच्यातून कशी टुणकन उठते ते बघू दे यांना."

नवरा कारखान्यात जोडारी, म्हणजे फिटर, होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे जोडारीच म्हणत. त्यांनी बाहेरच्या खोलीतली खुर्ची उचलून आणली. तिच्या चारही पायांना सागाचे ठोकळे जोडले होते आणि सरकू नयेत म्हणून खाली रबराच्या चकत्या बसवल्या होत्या. आजी तिच्यात बसल्या आणि खरोखरच एका दमात उठल्या. परीक्षकापुढे हाताने घडवलेला जॉब ठेवून उभ्या राहणाऱ्या पोरासारखं जोडाऱ्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी टेप लावला. चोवीस इंच भरले.

"कारागिरी झकास आहे, आजोबा. पण उठण्याचं काम खुर्चीच करतेय. आजींच्या मांड्यांना कामच उरलेलं नाही."

सहा वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून आजींचं मनगट मोडलं होतं. मनगट दीड महिन्यात सांधलं. जोडाऱ्यांचे हात मात्र थांबले नाहीत. पलंगावर धरून उठायला कप्पीची दोरी आली. बसल्या जागेवरून दाराची कडी उघडणारी तार आली. वरच्या फळीवरचे डबे खाली आले आणि खाली पडलेलं उचलायला आकड्याची काठी आली. बायकोला वाकावं लागू नये, उठावं लागू नये, चालावं लागू नये, याची तजवीज त्यांनी एखादं यंत्र जुळवावं तशी सहा वर्षं केली होती. आता ते सगळं ते एकेक करून पाहत राहिले.

"ताकद परत येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल की. या वयातही येते. पण रोज उठबस करायला हवी, आणि पाच-सहा महिने तरी द्यायला हवेत."

हाताशी अठ्ठेचाळीस दिवस होते. त्यानंतर जोडाऱ्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढे तीन महिने त्यांना पाण्याची बादलीही उचलायची नव्हती, मग बायको कुठली. लेकीचं घर परगावी, चौथ्या मजल्यावर, जिने चढून. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, आई आपली आपण संडासला जाऊ शकली तर घरी राहू दे. मी बाई लावते दिवसभरासाठी. नाहीतर तीन महिने शुश्रूषागृहात ठेवू. माझा नाइलाज आहे हो."

त्या शुश्रूषागृहात उठायला कोणी शिकवत नसे. तिथे उचलत.

जोडाऱ्यांनी हिशेब मांडला. सहा इंच म्हणजे चोवीस पाव इंच. दर दोन दिवसांनी ठोकळ्याचा पाव इंच कापायचा. गणित चोख बसलं. सकाळी दहा, दुपारी दहा, संध्याकाळी दहा उठबशा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं वेगळं.

"शाळेत गृहपाठ केला नाही म्हणून उठबशा काढल्या नव्हत्या," आजी धापा टाकत म्हणत, "त्या तुम्ही आता काढून घेताय."

"बोलू नकोस, श्वास सोड. सात."

"आठ झाले. मोजण्यात लबाडी करता, कारखाना कसा चालला कोण जाणे."

एकवीस इंचांपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तिथे गाडी अडली. दोन दिवस गेले, चार गेले, मग उजवा गुडघा सुजला आणि पाऊण इंच परत चढवावा लागला. जोडाऱ्यांनी हिशेबाचा कागद पुढे केला तेव्हा बाई हळू आवाजात म्हणाल्या, "स्नायूंना तुमची तारीख कळत नाही, आजोबा. त्या छान करतायत. फक्त उशीर झालाय."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आजींची पिशवी भरून झाली. जोडारी पलंगाच्या कडेला बसले होते.

"माझ्यामुळे झालं हे," ते म्हणाले.

आजी पदराचं टोक चाचपू लागल्या. "एक सांगू? रागावणार नसाल तर."

"बोल."

"मनगट बरं झालं ना, तेव्हा मला उठता येत होतं. तुम्ही ठोकळे लावलेत तेव्हाही येत होतं. चांगलं येत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"निवृत्त झालात आणि वर्षभर भिंतीकडे बघत बसलात. समोरचा चहा गार व्हायचा. जेवलात का विचारलं तर आठवायचं नाही तुम्हाला. मी पडले आणि तुम्ही माळ्यावरून हत्यारांची पेटी उतरवलीत. कानस चालवताना शीळ घालत होतात हो. किती दिवसांनी ऐकली मी. म्हटलं, करू दे." त्या जराशा हसल्या. "आणि मीही सूतगिरणीत तीस वर्षं उभी होते. म्हटलं, बसू थोडं. मला काय ठाऊक, पाय असे रुसतात म्हणून."

"वेडी आहेस तू."

"आत्ता कळलं होय?"



संध्याकाळी लेकीने दोघांना गाडीतून शुश्रूषागृहात नेलं. ती कागदपत्रं करायला खिडकीशी गेली. चौदा नंबरच्या खोलीत दोन मदतनीस मुली आल्या. एक डाव्या काखेत, एक उजव्या काखेत हात घालू लागली. खुर्चीवरून पलंगापर्यंतच न्यायचं होतं.

"थांबा गं पोरींनो," आजी म्हणाल्या. "आधी मी."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. आजींनी पावलं मागे घेतली, हात छातीशी धरले, पुढे वाकल्या. खुर्ची साधीच होती. त्या दोन बोटं वर आल्या, क्षणभर तिथेच थरथरत राहिल्या आणि खाली बसल्या. पुन्हा वाकल्या.

जोडारी दारात उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"एक," ते म्हणाले.