भट्टीपुढची दोरी

"निळीची चव वेगळी लागते का हो?" हा प्रश्न ऐकून मी अकरा वर्षं हसतेय. नाही लागत. निळी, हिरवी, नारिंगी, सगळ्या बाटल्यांत दारू एकच, फरक फक्त रंगाचा. हे सांगूनही जहाजावरून आलेली माणसं निळीच विकत घेतात आणि वर मलाच ऐकवतात, हिची चव काही औरच आहे म्हणून. मी हसते. पाहुण्यांना कारखाना दाखवायचा आणि हसायचं, मला पगारच त्याचा मिळतो.

पाहुण्यांचं एक वेळ सोसता येतं. माझ्या डोक्याला खरा ताप होता तो माझ्या बापाचा.

पापा चाळीस वर्षं या कारखान्याची तांब्याची भट्टी सांभाळतोय. आमच्या कुरासाव बेटावरचं लाराहा हे संत्रं इतकं कडू की बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, पण त्याच्या वाळवलेल्या सालीवरच कारखाना उभा आहे. ती साल गोणपाटात बांधून भट्टीत सोडायची. नळातून आधी जी दारू येते ती उग्र, ती टाकाऊ डब्यात जाऊ द्यायची. वास निवळला की लगेच चांगलं पिंप खाली सरकवायचं. घाई केली तर खेप नासते आणि उशीर केला तर चांगला माल वाया जातो. ती वेळ ओळखायची ती पापाने, नाकाने.

दोन वर्षांपूर्वी तापातून उठल्यापासून त्याने एक नवीन खूळ काढलं होतं. मी दहाच्या सुमाराला पाहुण्यांना भट्टीपाशी आणलं, की हा नळाखाली भरलेली पळी घेऊन पुढे यायचा. "घ्या, वास घ्या. सावकाश." एकेकाच्या नाकाशी पळी, आणि हा टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. पळी पुन्हा भरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू. वीस-वीस मिनिटं मोडायची. बाहेर बसवाला ह्युबर्ट हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घ्यायचा.

"शुदेस्का, तुझा बाप आत लग्न लावतोय का कुणाचं? जहाज थांबतं होय कुणासाठी?"

दुकानात थांबायला वेळ उरायचा नाही, बाटल्या खपायच्या नाहीत, आणि मॅनेजर रँडॉल्फची बोलणी बसायची ती मला. घरी जेवताना मी पापाशी भांडायचे.

"तू भट्टी बघ ना. पाहुणे माझे आहेत."

"अगं, बिचारे एवढ्या लांबून आलेत. घेऊ दे की वास," असं म्हणून तो पुन्हा ताटात डोकं घालायचा. भिंतीशी बोलणं परवडलं.

गेल्या महिन्यात चार म्हाताऱ्या बायकांचं जहाज चुकता चुकता राहिलं आणि तक्रार आली. मी तडक रँडॉल्फकडे गेले आणि भट्टीपुढे दोरी लावून घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी लाल दोरी लागलीसुद्धा, भट्टीपासून चांगली आठ फुटांवर. पापाने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पळी खुंटीला अडकवली. मला हायसं वाटलं.

त्यानंतरची पहिलीच खेप नासली. दुसरीही गेली. रँडॉल्फने मला बोलावून घेतलं.

"वडलांचं वय झालंय. शुक्रवारची खेप बिघडली तर मी दुसरा माणूस ठेवतो."

माझं डोकंच फिरलं. दोरी लावली म्हणून हा माणूस रुसून मुद्दाम माल नासवतोय, एवढंच मला दिसत होतं. शुक्रवारी पाहुण्यांना दुकानात सोडलं आणि दोरीखालून वाकून आत गेले. पापा पळी नाकाशी धरून उभा होता. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"माझ्यावरचा राग भट्टीवर काढतोयस ना? घालव नोकरी. बसू दोघं घरी!"

"ओरडू नकोस." त्याने पळी खाली केली. "मला वास येत नाही. त्या तापात गेलं सगळं. मासळीचा नाही, कॉफीचा नाही, कशाचाच नाही."

"तो ताप? त्याला दोन वर्षं झाली!"

"झाली."

"मग इतके दिवस खेपा कशा उतरल्या?"

"तुझे पाहुणे होते ना. उग्र असली की तोंड वाकडं करायचे. पाच-सहा जणांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, की मी पिंप सरकवायचो." तो जरासा हसला. "एकदाही चुकले नाहीत गं."

"मला विचारायचंस ना, पापा!"

"तुझ्या तोंडावरून काय कळणार? तू कशालाही हसतेस, पोरी. परवा त्या बाईने तुझ्या पायावर बाटली पाडली, तरी हसतच होतीस."

पापाची पोटापाण्याची सोय मी माझ्याच तोंडाने जाऊन बंद करून आले होते. त्याने पळी नळाखाली धरली आणि माझ्यापुढे केली. मी वास घेतला. सालीचा स्वच्छ, गोडसर वास होता, उग्रपणाचा मागमूस नव्हता. आणि मला रडू फुटलं. नाक ओढत, तोंड वेडंवाकडं करून मी लहान पोरीसारखी रडायला लागले.

पापाने माझं तोंड नीट न्याहाळलं. "उग्र आहे अजून," असं पुटपुटत तो नळाकडे वळला. चांगला माल टाकाऊ डब्यात पडत होता.

"पापा, सरकव पिंप! वास निवळलाय. कधीचा निवळलाय."

"मग तोंड असं का केलंस?"

"मी दोरीपायी रडतेय!"

त्याने आधी पिंप सरकवलं, धार नीट पडतेय ना ते बघितलं, आणि मगच कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मग तसं बोलून सांगायचं ना," तो वैतागून म्हणाला. "दिवसभर लोकांपुढे एवढी बडबडतेस."